न्याहारी करून यावे

बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, कॉलेजच्या कँटीनमध्ये पोह्यांसाठी उभी होते. "श्रीधरकाका गेले," एवढंच ते म्हणाले. मी रांगेतून बाहेर आले... आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून काकांबद्दल हे लिहायचं काम माझ्याकडे आलं. जमेल का, माहीत नाही.

काका देवगडकडचे. मस्कतच्या रुवी भागात ते आणि बाबा एका खोलीत राहायचे, दोघंही एसी दुरुस्तीच्या कामाला. माझ्या जन्माच्या वेळी आईला रक्त लागलं. काका बाही सरकवून पुढे झाले, पण त्यांना इन्सुलिन चालू होतं, त्यांचं घेतलं नाही. शेवटी एका अनोळखी ओमानी माणसाने दिलं आणि नाव न सांगता तो निघून गेला. काकांच्या ते मनात राहिलं असावं. आम्ही मस्कतच्याच माबेला भागात राहायला गेल्यावर ते शुक्रवारी जेवायला यायचे, आणि विषय रक्तदानाचाच काढायचे.

त्यांनी भरवलेलं पहिलं शिबिर मला आठवतं. तिथे कामाला असलेली गावाकडची मंडळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आली होती. थोड्या वेळात दोघं-तिघं खुर्चीतच कलंडले.

"उपाशी कित्याक इलास रे?" काकांनी विचारलं.

"दान उपाशीच करूचा असता मा, काका?"

"देवाक चालता. नर्सबाईक चालणा नाय."

पुढच्या वर्षापासून काका पहाटे उठून सगळ्यांसाठी पोहे करू लागले. पण माणसंच कमी येऊ लागली. सुपरवायझर सोडत नसत. "बलदियाचा कागद आण," म्हणत. बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. तिने शिबिराचा दिवस रक्तदानाचा दिवस म्हणून जाहीर करावा, यासाठी काकांनी किती खेपा घातल्या असतील... दर वेळी 'इन्शाल्ला' ऐकून परत यायचे. अखेर होकार मिळाला, तर काकांची आणखी एक मागणी. घोषणेत 'न्याहारी करून यावे' हे वाक्य हवं. अधिकारी हसले. बाबा वैतागले. "श्री, मिळतंय ते घे. हातातलं घालवशील."

"पोरगो भोवळ येऊन पडलो तर त्याचे सोबती फुडच्या वर्षाक येवचे नाय," काका म्हणाले, आणि त्या कचेरीत बसूनच राहिले. वाक्य आलं.

घोषणा वाचली त्या सकाळी काका मंचावर नव्हतेच, पातेल्यापाशी होते. अधिकाऱ्यांनी "यल्ला, यल्ला" करत बोलावलं, तेव्हा झाऱ्यासकट वर गेले. मी नंतर भीत भीत विचारलं, तुमचं रक्त घेत नाहीत याचं वाईट वाटतं का? ते झारा पुसत म्हणाले, "माझा रगात चालणा नाय गो. पोहे चालतत."

यंदाचं शिबिर ते गेल्यानंतर काही आठवड्यांनी झालं. मी सुट्टीत मस्कतला घरी होते, आणि आता रक्त देण्याच्या वयाची झाले होते. पोहे बाबांनी केले. मीठ जास्त पडलं. घोषणा आधी अरबीत वाचली. माझी अरबी शाळेपुरतीच, पण शेवटचं, न्याहारीचं वाक्य मला ओळखू येतं. ते आलं तशी रांगेतली माणसं नेहमीसारखी हसली, आणि सवयीने पातेल्याकडे वळली. तिथे बाबा उभे होते, काकांचा झारा घेऊन. हसू हळूहळू थांबलं...

माझी पाळी आली. नर्सने विचारलं, "नाश्ता किया?"

मी हो म्हटलं आणि बाही वर सरकवली. बोटांना हळद लागलेली होती.