बिनकराची गाडी आणि मॅव्हिसची साखळी

“आपल्या गल्लीत सरकार येत नाही, तेव्हा आपणच यायचं.”

मॅव्हिस हॉल्रॉइड हे वाक्य फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून म्हणायची. म्हणताना समोरच्या माणसाकडे बघायची नाही, रस्त्याकडे बघायची. जणू रस्त्यालाच धीर देते आहे.

डायहाउस लेन थॉर्नक्लफच्या टेकडीवर चढत जाते आणि वरच्या घरांपाशी संपते. पुढे नुसतं कुरण, मेंढ्या आणि वारा. ही गल्ली कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, नाही. ज्यांची घरं, त्यांचीच ती. पावसाने दगड उखडले तर बसवायला कुणी येत नाही, बर्फ पडला तर मीठ टाकायला कुणी येत नाही. मॅव्हिसच्या लहानपणी तिचे वडील गिरणीच्या भट्टीची राख आणून खड्डे भरायचे. गिरणी बंद पडली, राख संपली, वडीलही गेले. मग मॅव्हिस खडी आणून भरू लागली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म मुलांना बटाटे वाढले होते. मनगटात जोर होता. वय झालं तरी तिचं फावडं चुकीच्या जागी पडत नसे.

आणि वर्षातून एकदा, थंडी ओसरली की, साखळीचा रविवार यायचा. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी दोन दगडी खांबांना साखळी लागायची. न्याहारीनंतर लागलेली साखळी दिवस मावळल्याशिवाय निघत नसे. एक दिवस रस्ता बंद ठेवला की तो आपलाच राहतो, नाहीतर हळूहळू तो येणाऱ्याजाणाऱ्याचा होतो, असं वरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या धरून होती. एकदा गिरणीचा मालक मोटारीत बसून खांबांपाशी भोंगा वाजवत राहिला, आणि मॅव्हिसचे वडील टोपी काढून, अदबीने, पण साखळी न काढता उभे राहिले. शेवटी मालक पायी चढला. ही गोष्ट सांगताना मॅव्हिसची मान अजूनही ताठ व्हायची.

अशा या गल्लीच्या वरच्या टोकाला, जिथे येणारी वाहनं वळायची, तिथे ट्रेव्हर लमने आपली मेलेली गाडी आणून लावली.

गाडी कधीकाळी तांबडी असावी. आता तिला रंग असा नव्हता. खिडक्यांच्या रबरातून शेवाळ बाहेर आलं होतं. वर टाकलेल्या ताडपत्रीच्या खळग्यात हिरवं पाणी साचायचं. त्यात मेलेल्या माश्या, सडकी पानं, आणि एकदा तर चिमणीचं पिल्लू. टायर बसले, चाकं चिखलात रुतली. मागच्या सीटवर ट्रेव्हरने जुन्या कपड्यांच्या पिशव्या कोंबल्या होत्या. त्या फुगल्या, फाटल्या, आणि त्यांवर फिकट पिवळी अळंबी उगवली. पाऊस पडला की खालून तेलाचा तवंग निघायचा आणि मॅव्हिसने हाताने साफ केलेल्या गटारातून तिच्या दारापर्यंत यायचा. ऊन पडलं की वास सुटायचा. ओल्या कुत्र्याचा, उंदरांच्या मुताचा, आंबलेल्या लोकरीचा. मॅव्हिस तिथून जाताना नाकाला रुमाल लावायची, तरी घरी आल्यावर चहाला तोच वास येतोय असं तिला वाटायचं. ट्रेव्हर मात्र रोज सकाळी चपला फरफटत दारात यायचा, चहा प्यायचा, आणि उरलेला चोथा गाडीच्या बॉनेटवर फेकायचा. चोथ्याचे ओघळ वाळून काळे झाले होते. ते बघून मॅव्हिसला शिसारी यायची.

काचेवर कराचा गोल कागद होता, पण उन्हाने इतका विटलेला की त्यावरचं साल वाचता येत नव्हतं. एकदा मॅव्हिसने बोट दाखवून विचारलंच.

“ट्रेव्हर, हिचा कर कधी भरला होतास?”

“कर?” ट्रेव्हर हसला. त्याला बोलताना खायची सवय होती; दातांत टोस्ट होता. “कर कशाला भरायचा, मॅव्हिसबाई? गाडी रस्त्यावर फिरत नाही असं मी सरकारला रीतसर कळवलंय. सरकारी रस्त्यावर उभी केली असती तर उचलून नेली असती. हा रस्ता काय सरकारचा आहे?”

“हा रस्ता आमचा आहे.”

“तेच म्हणतोय. तुम्ही खड्डे भरता, तुम्ही साखळी लावता, म्हणून तर हा खाजगी राहिलाय. देव तुमच्या फावड्याला बळ देवो. तुमचं फावडं चालतंय तोवर माझा कर वाचतोय.”

आणि टोस्टचे कण उडवत तो आत गेला. मॅव्हिस उभी राहिली. बापाने राखेने भरलेला, आपण खडीने भरलेला हा रस्ता या माणसाच्या घाणीला छप्पर झाला, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

पण खरं दुःख वासाचं नव्हतं. खरं दुःख आयव्हीचं होतं.

आयव्ही मॅव्हिसची थोरली बहीण. गिरणीत विणकर होती. यंत्रांच्या आवाजात ओठांवरून बोलणं ओळखायची, आणि म्हणून चर्चमध्ये सगळ्यांच्या कुजबुजी तिला कळायच्या. आता खुबा गेला होता, चालवत नव्हतं. मंगळवारी खालच्या चॅपेलच्या, त्या छोट्या चर्चच्या, सभागृहात म्हाताऱ्यांचं जेवण असायचं, नंतर डॉमिनो. आयव्ही डॉमिनोत कुणाला जिंकू द्यायची नाही. चॅपेलची छोटी बस वर यायची, वळायच्या जागेत वळायची, आणि आयव्हीला दारातून घेऊन जायची. ट्रेव्हरची गाडी तिथे रुतली आणि बस वळेना. उलटी उतरायला ड्रायव्हरला परवानगी नव्हती, आणि तो बरोबरच होता, उतार तसलाच आहे. मॅव्हिसने एकदा बहिणीला चाकांच्या खुर्चीत बसवून खाली नेऊन पाहिलं. दगडांवर प्रत्येक हिसक्याला आयव्ही ओठ चावत होती. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, “मॅव्हिस, फिरव. मला जेवणाला जायचंय, कबरीत नाही.” मॅव्हिसने खुर्ची फिरवली.

तेव्हापासून आयव्ही खिडकीत बसायची आणि खिडकीतून ती गाडी दिसायची. बोलणं कमी झालं. केस विंचरायचा कंटाळा करू लागली. चॅपेलच्या बाईंचा निरोप आला: महिनाअखेरपर्यंत आयव्ही आली नाही तर तिची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, बरीच माणसं वाट बघत आहेत. आयव्हीने ऐकलं आणि हसून म्हणाली, “द्या. त्यांच्यात कुणाला तरी जिंकता येईल.” मॅव्हिसला त्या हसण्यातला ओलावा कळला.

शेजारी काय करत होते म्हणाल, तर काही नाही. गल्लीतल्या प्रत्येकाला त्या गाडीची किळस होती आणि प्रत्येकजण ट्रेव्हर दिसला की म्हणायचा, “छान हवा आहे, नाही?” डेस्मंड क्रॅब्ट्री घरात बायकोपाशी गाडीला शिव्या घालायचा आणि बाहेर भेटला की ट्रेव्हरच्या गुडघ्याची चौकशी करायचा. मॅव्हिसने त्याला म्हटलं, “डेस्मंड, तू तरी बोल त्याला.” तो बुटांकडे बघत म्हणाला, “बोललो असतो गं, पण उगाच कुणाचं मन दुखवायचं... समजून घेईल तो आपणहून.” मॅव्हिसला त्या बुटांचीही किळस आली. इतके चकचकीत बूट, आणि आत एवढा भित्रा माणूस.

शेवटी समजावलं ते उंदरांनी. गाडीच्या सीटमध्ये वाढलेलं खानदान थंडीत ट्रेव्हरच्या स्वयंपाकघरात शिरलं. त्याच्या पावाला पोखरलं, डब्यात लेंड्या टाकल्या. दुसऱ्याच्या नाकाला वास येत होता तोवर त्याला काही नव्हतं. स्वतःच्या ताटात लेंडी पडली तेव्हा त्याने गाड्या उचलून नेणाऱ्या भंगारवाल्याला फोन केला. भंगारवाला म्हणाला, रविवारी येतो. ट्रेव्हर म्हणाला, या.

तो साखळीचा रविवार होता. ट्रेव्हरच्या ध्यानात राहायचं कारण नव्हतं, कारण त्या दिवशी बाकी सगळे खड्डे भरत असताना तो दुपारपर्यंत झोपलेला असायचा.

मॅव्हिसने वडिलांचा जाड कोट घातला, साखळी लावली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. डेस्मंड, त्याची बायको जॉइस आणि आणखी चारदोन जण फावडी घेऊन आले. आल्याच्या केकचे तुकडे वाटले गेले. ऊन कोवळं होतं, कुरणात कोकरं ओरडत होती. तेवढ्यात खालून पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत ट्रक आला आणि खांबांपाशी थांबला.

“आजी, साखळी काढा जरा,” ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून सांगितलं. लठ्ठ, भल्या तोंडाचा माणूस होता. “वरची लम साहेबांची गाडी न्यायला आलोय.”

मागे फावडी थांबली. किल्ली मॅव्हिसच्या खिशात होती. पण हात खिशाकडे गेला नाही.

“आज नाही. दिवस मावळल्यावर या.”

“मावळल्यावर? मी रात्री गाड्या उचलत नाही.”

“मग उद्या.”

“उद्या काय, पुन्हा कधीच नाही, आजी! हा चढ बघितलात? क्लच जळतोय माझा, वास येतोय बघा. आलोय तोवर नेतो. पाच मिनिटांचं काम.”

“या रविवारी आमच्या गल्लीत चाक जात नाही. माझ्या वडिलांनी गिरणीच्या मालकाला सोडलं नव्हतं.”

“मी मालक नाही हो, भंगारवाला आहे!”

ट्रेव्हर वरून आला, पायजम्यावर कोट, हातात चहा. काय चाललंय ते त्याने ऐकलं, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू असं हसू पसरलं की मॅव्हिसला तिथेच ओकारी यावी.

“ऐकताय ना सगळे? मी बोलावलं होतं. माझं काम मी केलं. आता मॅव्हिसबाईच नको म्हणतात. यापुढे माझ्या गाडीचं नाव कुणी काढायचं नाही.”

“मॅव्हिस,” डेस्मंड पुटपुटला, “एवढ्यापुरती... म्हणजे, तुला वाटलं तर...”

“तू बुटांकडे बघ, डेस्मंड,” मॅव्हिस म्हणाली.

ड्रायव्हरने खांदे उडवले. ट्रक मागे घेत घेत तो उतरला. खालच्या वळणावर, पुलापाशी, बेकन घातलेले पाव विकणारी गाडी रविवारी उभी असते. तिथे त्याने ट्रक थांबवला. वरून तो स्पष्ट दिसत होता. जॉइस म्हणाली, “चहा करू का कुणाला?” आणि दोघेतिघे घाईने हो म्हणाले, जणू काही घडलंच नाही.

मॅव्हिस चढून घरापाशी आली तेव्हा आयव्हीची खिडकी उघडी होती. आयव्हीने डोक्यावर टोपी घातली होती. मंगळवारी घालायची ती, निळ्या फितीची. ट्रकचा आवाज ऐकून तिने आपल्या हाताने केस विंचरले होते.

“का घातलीस टोपी?” मॅव्हिसच्या तोंडून निघालं.

“वेडी म्हणून,” आयव्ही म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मला वाटलं, परवा बस येईल. मॅव्हिस, बाबांनी साखळी लावली ती मालकाच्या तोंडावर. तू माझ्या तोंडावर लावलीस.”

आणि तिने टोपी काढली, मांडीवर ठेवली.

मॅव्हिस तिथेच उभी राहिली. इतके महिने तिला ट्रेव्हरची किळस आली होती, त्याच्या दातांची, चोथ्याची, अळंबीची. डेस्मंडच्या बुटांची आली होती. आता ती किळस कोटाच्या आतून, आपल्याच अंगाच्या उबेतून वर येत होती. खिशातली किल्ली तळहाताला थंड लागली. आपण रस्त्यासाठी उभ्या राहिलो की गर्दी बघत होती म्हणून, हे तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर कळल्यावर तिने तोंड वाकडं केलं, जसं ती त्या गाडीपाशी करायची.

ती पुन्हा खाली खांबांपाशी गेली. कुलूप उघडलं. साखळी दगडांवर पडली तेव्हा केक खाणाऱ्यांची तोंडं थांबली.

“अगं, दिवस मावळला नाही अजून,” डेस्मंड म्हणाला.

“दिसतंय मला.”

“पण मग या वर्षीचा रस्ता—”

“रस्त्याचं मी पुढच्या वर्षी बघेन. जिवंत असले तर.”

“कुठे निघालात, मॅव्हिसबाई?” ट्रेव्हरने कपाआडून विचारलं.

“तुझी घाण उचल म्हणून त्या माणसाच्या हातापाया पडायला.”

तिने जन्मात कुणाच्या हातापाया पडल्याचं गल्लीला आठवत नव्हतं. ती साखळी ओलांडून गेली. खाली पुलापाशी ड्रायव्हर अजून पाव खात होता. ट्रकचा दरवाजा उघडा होता. मॅव्हिस उताराच्या कडेकडेने, गुडघे सांभाळत, पण न थांबता चालली. तिने स्वतः बसवलेल्या दगडांवर तिचे जाड बूट वाजत होते. जॉइस किटली हातात धरून बघत होती. डेस्मंड पहिल्यांदाच बुटांवरून नजर उचलून बघत होता. ट्रेव्हरने कपातला चोथा आज फेकला नाही. तो तसाच हातात घेऊन उभा होता. आणि आयव्ही खिडकीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून जमेल तेवढी बाहेर वाकली होती, बहिणीची पाठ वळणाआड जाईपर्यंत तिने नजर हलवली नाही.