'साफ' नावाचं फंक्शन

'साफ' हे नाव मीच सुचवलं होतं. शाळकरी मुलांसाठी मराठीतून प्रोग्रॅमिंगची एक छोटी भाषा आम्ही पाच-सहा जण बनवत होतो. मी साकोलीतून, बाकीचे आपापल्या गावांहून. भाषेसोबत मिळणाऱ्या तयार फंक्शनांना नावं द्यायचं काम माझ्याकडे होतं. यादीतल्या सगळ्या नोंदी काढून टाकणाऱ्या फंक्शनला मी 'साफ' म्हटलं. दोनच अक्षरं, दिसायला सुबक. तेव्हा मी स्वतःवर खूश होतो, हे आठवलं की आजही तोंड कडू होतं.

माझी मोठी बहीण आंधळगावला शिक्षिका आहे. म्हाताऱ्या विणकरांजवळ बसून तिनं हातमागाचे चारेकशे शब्द जमवले होते. टाइप करताना शब्दांच्या मागेपुढे रिकाम्या जागा राहून गेल्या. त्या काढायला तिनं कौतुकानं आमचीच भाषा वापरली. फाइल उघडली, यादीवर 'साफ' चालवलं, त्याच फाइलीत जतन केलं.

तिचा फोन आला. "मी साफ कर म्हटलं, तं यानं सारंच पुसून टाकलं. असं काहून रे?"

"दुसरी कॉपी हाये ना?"

"नाही. कच्चे कागद तं फेकून देल्ले मी." मग म्हणाली, "कोणं ठेवलं असं नाव?"

"मीनंच."

तिनं फोन ठेवून दिला.

आमच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बहिणीचा प्रकार सांगून मी नवं नाव मांडलं: 'सगळ्या_नोंदी_काढा'.

"फार लांब आहे," एकजण म्हणाला.

दुसरा हसला. "ताईंनी माहिती वाचून वापरायचं ना!"

मला शिसारी आली. त्याच्या हसण्याची आलीच, पण स्वतःची जास्त. एका शिक्षकाच्या अशाच तक्रारीला मीही हेच उत्तर लिहिलं होतं, शेवटी हसरा चेहरा चिकटवून.

वाद घालून नवं नाव घ्यायला लावलं. पण जुने प्रोग्रॅम बंद पडतील म्हणून 'साफ'ही तसंच ठेवायचं ठरलं. म्हणजे ती घाण माझ्या सहीनिशी अजून तिथंच आहे.

रविवारी ते शब्द पुन्हा जमवायला बहिणीसोबत विणकरांकडे गेलो. त्यांतल्या एका आजोबांची वाचा मधल्या काळात पक्षाघातानं गेली होती. ते मागाच्या एकेका भागावर बोट ठेवत गेले. बहिणीला निम्मी नावं आठवली. उरलेल्या भागांची तिनं वहीत नुसती चित्रं काढली.