ढोल ऐकू येई तिथवर

चिंधा आबाच्या आधीची दोन लेकरं गेली होती. तिसऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून आईने नाव ठेवलं चिंधा. नावाने काम केलं म्हणायचं. बहात्तरी गाठली तरी दात शाबूत, पाठ ताठ. गेले ते फक्त कान, आणि ते नरोलीच्या कापड गिरणीत, लूम खात्यात गेले. तिथं आम्ही दोघं सव्वीस वर्षं शेजारी उभे होतो.

मी वाल्मिक, अमळनेरकडचा. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. पण आबावर मी कधी आवाज चढवला नाही. एक तर तो मोठा, आणि दुसरं म्हणजे चढवून उपयोग नव्हता. दोनशे लूम एकदम चालू असले की कानात ओरडलं तरी कळत नाही. आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलायचो. काम सुटल्यावरही आबा समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. लोक म्हणायचे, म्हातारा काय मन लावून ऐकतो! मी काही बोलायचो नाही.

आबाला मान होता तो शर्यतीमुळे. आम्ही खान्देशी लोक सिल्वासाला आलो ते पोटासाठी, पण येताना रंगपंचमीची घोड्यांची शर्यत बरोबर घेऊन आलो. किलवणीच्या माळावर ती होते. धावणाऱ्या घोड्या बहुतेक लग्नाच्या वरातीतल्या. अंतर मीटरमध्ये कुणी मोजलं नाही. रीत अशी की आदल्या दिवशी देवीच्या ओट्यावर ढोल वाजवायचा, आणि निशाणवाल्याने झेंडा घेऊन माळावरून चालत सुटायचं. ढोल जिथवर ऐकू येई तिथवर जायचं, आणि तिथं झेंडा रोवायचा. घोड्यांनी त्याला वळसा घालून परत यायचं. जुनी माणसं सांगायची, घोडीला इतक्या लांब नेऊ नये की तिला आपल्या वस्तीचा ढोल ऐकू येणार नाही. तापीकाठी हा झेंडा आबाच्या बापाकडे होता, इथं तो आबाकडे आला.

पहिल्या वर्षी झेंडा लागला एका चिंचेखाली. मग दरवर्षी तिथंच लागायला लागला. आबा चालत जायचा, चिंचेखाली थांबायचा, मान तिरकी करायचा, आणि हात वर करायचा. माणसं टाळ्या वाजवायची.

मधल्या काळात माळाच्या कडेला कारखाने उभे राहिले, डंपरचा रस्ता झाला, गोंगाट वाढला. तरी झेंडा चिंचेखालीच.

गेल्या वर्षी कमळाबाईची चांदणी त्या चिंचेला वळसा घालून परतताना दहा पावलांवर कोसळली.

कमळाबाई किलवणीची विधवा. या पांढऱ्या घोडीवर तिचं घर चालायचं. पाठीवर तिची पोरगी रोशनी होती. पोरगी दूर फेकली गेली, उजवा हात मोडला, तो अजून खांद्याच्या वर जात नाही. घोडी मात्र उठली नाही. तोंडाला फेस, डोळे उघडे. कमळाबाई धावत आली आणि पदराने तिचं तोंड पुसत बसली. मी बाजूलाच होतो. आबा झेंडा धरून तसाच उभा होता.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, इथं उलटंच झालं. मेल्या घोडीत सगळ्यांनी खोट काढली. घोडी म्हातारी होती, बाईने चारा तोडला असेल, आदल्या रात्री वरातीत नाचवून आणली असेल. वर्षभर कमळाबाई बाजारात गेली की कुणी ना कुणी विचारायचंच. अरे, लाजा कशा वाटत नाहीत! ती बाई स्वतः अर्धी भाकरी खाईल, पण चांदणीला उपाशी ठेवणार नाही.

या वर्षी रंगपंचमीच्या आधीच्या रविवारी ओट्यावर बैठक भरली. विषय एकच, शर्यतीचं अंतर. नवा काठेवाडी घोडा आणलेला नरोलीचा विकी मोबाईल काढून उभा राहिला.

"हे ढोलबिल सोडा ना आता. मी मॅपवर बघितलंय. चिंचेच्या पुढे कॅनॉलपर्यंत नेलं तर बरोबर दोन किलोमीटर होतात. लोकांना बघायला मजा पण येईल."

"गेल्या वर्षी घोडी मेली, ती कमी मजा झाली का?" मी म्हटलं.

"अंकल, त्यात अंतराचा काय दोष? घोडीच कमजोर होती."

कुणी म्हणे कमी करा, कुणी म्हणे चिंच आपली परंपरा आहे, ती हलवायची नाही. तासभर तेच दळण. मग कमळाबाई उठली. बैठकीत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"वाढवा नाहीतर घटवा, माझ्याकडे आता घोडी नाही. मला एवढंच सांगा. माझी चांदणी कमजोर होती का? मी तिला उपाशी पळवलं का? सगळ्यांसमोर एकदा सांगून टाका, म्हणजे मी पुन्हा विचारणार नाही."

आबा तिच्या ओठांकडे बघत होता. त्याला शब्द न् शब्द कळला, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. तो काठी टेकत उठला.

"ढोल लावा," तो म्हणाला. "आत्ता. रोशनी माझ्यासंगं चालंल. तिचे कान तरणे आहेत. तिला ढोल ऐकू यायचा बंद झाला की तिनं तिथंच थांबायचं. मला हाक मारायची नाही. मी पुढं जाईन."

"पुढं कुठं, आबा?" विकीने विचारलं.

आबाने त्याच्याकडे पाठ केली होती. त्याने झेंडा खांद्यावर घेतला.

ढोल सुरू झाला. दोघं माळावरून निघाली, आबाच्या खांद्यावर झेंडा, शेजारी रोशनी, मोडका हात पोटाशी धरून. आम्ही ओट्यावर उभे राहून बघत होतो. कडेच्या रस्त्याने डंपर जात होते. बाभळीपर्यंत दोघं बरोबर गेली. चिंचेच्या बरंच अलीकडे, पाण्याच्या मोरीपाशी रोशनी थांबली. तिने कान टवकारले, दोन पावलं मागे आली, परत पुढे गेली, आणि डावा हात वर केला.

आबा चालत राहिला.

मला आतून वाटत होतं, वळ रे, एकदा तरी मागे वळ. पण तो सरळ गेला, नेहमीच्या चालीने, चिंचेखाली गेला आणि थांबला. मग वळला. रोशनी आपल्या बरोबर नाही हे त्याला तेव्हा कळलं. ती मागे, मोरीवर, बोटाएवढी दिसत असणार त्याला. म्हातारा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. ढोल वाजतच होता, थांबवायचं कुणाला सुचलंच नाही.

येताना तो पावलं मोजत आला. मोरीपाशी आल्यावर त्याने रोशनीच्या डोक्यावर हात ठेवला. मग दोघं ओट्याशी आली. आबाने झेंडा कमळाबाईच्या पुढ्यात आडवा ठेवला.

"तीनशे दहा पावलं," तो म्हणाला. "तीनशे दहा पावलं जास्तीची पळवली मी तिला. जाताना तेवढी, आणि येताना तेवढीच बाकी होती. माले ढोल ऐकू येत नही, कमळा. सात-आठ वर्षं झाली. चिंच दिसायची, मी हात वर करायचो. तुझी घोडी कमजोर नव्हती. ती माझ्यापायी गेली."

विकीने मोबाईल खिशात घातला.

कमळाबाई आबाच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, त्याला तिचे ओठ नीट दिसतील अशी.

"वर्षभर का नाही बोललात, आबा?"

"झेंडा गेला असता," आबा म्हणाला. "दुसरं काय होतं माझ्याकडे?"

"माझ्याकडे काय होतं?"

आबाने मान खाली घातली, म्हणजे पुढचं त्याला ऐकायचं नव्हतं. कमळाबाईने त्याची हनुवटी धरून वर केली, लेकराची धरावी तशी, आणि परत तेच विचारलं. मग तिथंच ओट्यावर बसून ती रडायला लागली. चांदणी गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. आबाही रडत होता.

मी मध्ये गेलो. मला गप्प बसवेना.

"कमळाबाई, मलाही माहीत होतं. त्याला ऐकू येत नाही हे सगळ्यात आधी मला कळलं होतं. मी त्याची इज्जत राखत बसलो."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता थोबाडीत देईल, आणि दिली असती तर बरं झालं असतं. पण तिने खाली वाकून झेंडा उचलला आणि रोशनीच्या डाव्या हातात दिला.

"जा, मोरीपाशी लावून ये," ती म्हणाली. "आणि या दोघांना बरोबर ने. तो दगडाचा माळ आहे, तुला एका हाताने खड्डा खणता यायचा नाही."

आम्ही दोघं रोशनीच्या मागून निघालो.