डागी शेवंती

आळशी हा शब्द मला मुळात खपत नाही. आमची शेती मखमलाबादच्या बाजूला, शेवंती आणि झेंडू. उजाडायच्या आत फुलं तोडून होतात, नवरा टोपल्या घेऊन फुलबाजारात जातो आणि मी ओट्यावर बसून हार ओवते. अशा घरातल्या सहा वर्षांच्या पोरीचा डावा डोळा आळशी आहे असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, आळशी कसा असेल, दिवसभर उघडा तर असतो.

त्या चिडल्या नाहीत. शाळेतल्या तपासणीत पोरीला उजवा डोळा झाकून वाचायला लावलं होतं आणि तिला फक्त सगळ्यात वरचं मोठं अक्षर दिसलं होतं, म्हणून आम्ही त्यांच्याकडे आलो होतो. बाईंनी समजावलं की डाव्या डोळ्याला जन्मापासूनच मोठा नंबर असणार. त्यातून चित्र धूसर येतं, म्हणून मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणंच सोडलंय. आता चष्मा लावायचा आणि रोज चार तास चांगल्या, उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी लावायची, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. हे लहानपणीच जमतं. आठ वर्षांच्या पुढे गेलं की डोळा शिकायला फार त्रास देतो, कधी कधी शिकतच नाही.

घरी येताना स्कूटरवर मागे बसून मी बोटांवर महिने मोजत होते. त्या दिवसापासून भीती जी घरात शिरली, ती शिरलीच. पोर धावली की वाटायचं पडेल, आणि पडली तर नेमका चांगला डोळा फुटेल. शेजारच्या पोरांचा चेंडू दिसला तरी मी तिला घरात ओढायचे. दोन डोळ्यांची माझी पोर, पण सगळा भार एकाच डोळ्यावर. हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही. नवऱ्याला तर नाहीच, तो आधीच दोन दिवस जेवला नव्हता.

पट्टीवरून रोज रडारड. ती हळूच कोपरा उचलून उजव्या डोळ्याने बघायची, मी ओरडायचे. एकदा धपाटा घातला आणि मग आत जाऊन मीच रडले. बाईंनी पट्टी लावून बारीक काम द्यायला सांगितलं होतं, मणी ओवणं वगैरे. मणी कशाला, म्हटलं, घरात टोपल्या भरून फुलं आहेत. तिला बोथट सुई दिली, शेजारी बसवलं आणि शेवंती ओवायला शिकवलं.

पहिले दिवस काय सांगावे. सुई देठात जायच्या ऐवजी बोटात, फुलं वाकडी, पाकळ्या मांडीवर. मग हळूहळू बसायला लागलं. दोन महिन्यांत तिची माळ माझ्या माळेशेजारी ठेवली तर नवऱ्याला ओळखू येईना. मी हरखून गेले. गल्लीत ज्याला त्याला माळ दाखवली, बघा, डोळा कसा उघडलाय! दसरा आला, श्वास घ्यायला सवड नव्हती, मधली तपासणी मी खुशाल चुकवली. माळ सांगत होती ना सगळं, मग डॉक्टर कशाला.

दिवाळीनंतर गेलो. बाईंनी उजवा डोळा झाकला आणि तक्ता वाचायला सांगितला. वरचं मोठं अक्षर. त्याखाली पोर गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. मी तिच्यावरच खेकसले, नीट बघ, नाटकं करू नकोस. बाईंनी मला हाताने थांबवलं.

मग त्यांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, तिथल्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढला. इंजेक्शन नाही, काही नाही. हनुवटी टेकवायची आणि समोरच्या खुणेकडे बघायचं. स्क्रीनवर दोन गोल आले, दोन्हींत केसांहून बारीक जाळी. उजव्या डोळ्याची दाट, डाव्याची मधल्या भागात किंचित विरळ. आमच्याकडे पाटाला पाणी सोडलं की शेवटच्या वाफ्याला कमी पोचतं, तसं मला ते दिसलं. बाई सांगत होत्या की आळशी डोळ्याच्या काही मुलांत असं आढळतं, फरक थोडाच आहे. रक्त कमी म्हणून डोळा मागे राहिला, की मागे राहिला म्हणून रक्त कमी, हे अजून कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. उपाय मात्र तोच, चष्मा आणि पट्टी. मी यातलं एवढंच ऐकलं की माझ्या पोरीच्या डोळ्याला रक्त पोचत नाही.

घरी आल्यावर मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. बीट, खजूर, गूळ, सगळं एकदम सुरू केलं. तेवढ्याने भागलं नाही म्हणून पोरीला खाटेवर उताणी झोपवून डोकं खाली लोंबकळत ठेवलं, की रक्त डोळ्यात उतरेल. ती हसत होती, तिला खेळ वाटला. नवरा बाजारातून आला, त्याने तिला उचलून उभी केली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. तो एवढंच म्हणाला, "तू लय घाबरलीस गं."

दुपारी ती पट्टी लावून माळ ओवायला बसली. मी दारातून बघत होते. सुई सपासप चालत होती, देठात अचूक. आणि पोरीचं तोंड अंगणातल्या मांजराकडे होतं. माळेकडे ती एकदाही बघत नव्हती. तिची बोटं ओवत होती. मीही तशीच ओवते, आमच्याकडे सगळ्याच बाया तशा ओवतात, गप्पा मारत, रस्त्याकडे बघत. मी तिला हात शिकवला होता आणि समजत होते की डोळा शिकतोय. रोजचे चार तास, इतके महिने, सगळे पाण्यात गेले होते. आणि पोरीला सातवं लागून कधीच झालं होतं.

मी टोपली ओतली. पांढऱ्या शेवंतीवर दव धरलं की पाकळीच्या टोकाला बारीक तपकिरी डाग पडतात, ती फुलं आम्ही बाजूला काढतो. हे काम बोटांना कळत नाही, बघावंच लागतं. म्हटलं, डागी निवड. तिने एकेक फूल नाकाशी नेलं आणि चांगली फुलं डागी म्हणून फेकली, डागी चांगल्यांत ठेवली. मी ओरडायला लागले तशी तिने हातातलं फूल टाकून दिलं. "मग तू लाव पट्टी," ती म्हणाली, "आणि तू करून दाखव."

मी रागानेच दुसरी पट्टी उजव्या डोळ्यावर दाबून बसवली. फूल उचललं. पांढरं होतं, त्यापुढे काही दिसेना. वाटलं, उजेड कमी असेल, ओट्याच्या कडेला जाऊन बसले. तिथेही तेच. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, पण त्यावरचा एकही आकडा दिसत नव्हता. चौतीस वर्षं मी या डोळ्यासोबत जगले होते आणि मला कधी एक डोळा झाकून बघायची वेळच आली नव्हती. हात ओवत होते, उजवा डोळा बाकीचं सांभाळत होता.

बाईंनी मला तपासलं. तोच डावा डोळा, तोच दोष. पुष्कळदा हे घरातूनच येतं, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, माझा होईल का बरा? "ताई, तुमचं वय निघून गेलं. हिचं अजून नाही."

त्यानंतरची भीती वेगळी होती. आधी मला ठाऊक नव्हतं मी कशाला भिते आहे. आता मला ते रोज आरशात दिसत होतं. गुलाबाची फांदी डोळ्यासमोर आली तरी मी दचकून मागे व्हायचे. या भीतीतच पोरीला आयुष्य काढावं लागलं तर, असा विचार आला की रागावणंही सुचायचं नाही.

सुई मी उचलून ठेवली. रोज शाळेतून आली की आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, दोघींच्या उजव्या डोळ्यांवर पट्ट्या, मधे शेवंतीचा ढीग, डागी एका बाजूला. मला त्याचा उपयोग नव्हता, पण मी पट्टी लावली की तीही कोपरा उचलायची नाही. नंतर नवरा सगळी फुलं पुन्हा निवडायचा. कित्येक दिवस दोघींचे ढीग सारखेच चुकलेले असायचे. तिला आठवं लागलं. मी आत जाऊन देवापुढे बसायचे आणि काय मागायचं तेही सुचायचं नाही.

गेल्या आठवड्यात अशाच बसलो होतो. मी एक फूल चांगल्यांत टाकलं. तिने हात लांब करून ते उचललं.

"मम्मी, याच्यावर डाग हाय."

मी ते डाव्या डोळ्याशी नेलं. नुसतं पांढरं. पट्टी काढली आणि उजव्याने बघितलं. पाकळीच्या अगदी टोकाला, तिळाहून लहान, तपकिरी ठिपका होता.

"तुला नाय दिसला?"

"नाही," मी म्हणाले.

तिने माझा सगळा ढीग आपल्याकडे ओढला आणि पहिल्या फुलापासून परत निवडायला घेतला.