खडूने आखलेलं वर्कशॉप

शेजाऱ्यांकडे फर्निचरचं काम निघालं आणि ताज्या सागाच्या वासाने मला वारज्यातलं आमचं जुनं घर आठवलं. वडील कारखान्यात लाकडी साचे बनवायचे. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागल्यावर कित्येक महिने ते नुसते घरात बसून होते. एका रविवारी मात्र उठले आणि रिकाम्या गॅरेजच्या फरशीवर खडूने चौकोन आखू लागले. "इथे कामाचं टेबल, इथे करवत," ते मला उत्साहाने सांगत होते. आई दारात येऊन म्हणाली, "छान. आणि लांब फळी कापायची झाली, तर अर्धी रस्त्यावर धरणार का?" वडिलांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता सगळं पुसून टाकणार. पण आईने कपडे वाळत घालायची काठी आणली आणि एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा अहो, कुठे अडतं ते बघू." काठी घेऊन दोघं गॅरेजभर फिरली, खडूचं टेबल खिडकीपाशी सरकलं, करवत मधोमध आली, काठी कुठे अडेनाशी झाली, आणि वडील कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. पुढे त्या गॅरेजातून आसपासच्या कितीतरी घरांत कॉम्प्युटर टेबलं गेली. हल्ली माझ्या कंपनीत माणसं कमी करायचं चाललंय. काल मी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "बस इथे. काय करता येईल ते दोघं मिळून बघू."