आष्टीपलीकडे एकच खिडकी उघडते

सायलीनं त्या एका उघड्या खिडकीचा फोटो काढला आणि बाकीच्या खिडक्यांकडे वळूनही न पाहता टेप गुंडाळला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. पण आधी प्रवास सांगतो. रस्ता चांगला आहे, आलापल्लीच्या जंगलाकडे कुणी निघालंच तर उपयोगी पडेल.

२००८ चा मार्च. आर्किटेक्चर मी तिसऱ्या वर्षाला सोडलं होतं; एका सरांशी भांडून वर्गाबाहेर पडलो तो पडलोच. सायली माझ्याच वर्गातली. ती शिकली, पास झाली आणि चंद्रपुरात एका छोट्या ऑफिसात लागली. इमारतींना हरित प्रमाणपत्र मिळवून द्यायचं, हे त्यांचं काम. एक दिवस तिचा फोन आला, आष्टीच्या पलीकडे साइट आहे, गाडी घेऊन येतो का. मी कुठली साइट तेही विचारलं नाही. ती म्हणाली असती तर सिरोंच्यालाही गेलो असतो, ब्रेक नसलेल्या गाडीवर.

चंद्रपुरातून उजाडता उजाडता निघा. बल्लारपूर मागे पडेपर्यंत तोंडाला रुमाल बांधा, कोळशाची धूळ आहे. कोठारीनंतर जंगल लागतं, आणि बांबू भरलेले ट्रक तुम्हाला कडेला ढकलत जातात. गोंडपिपरीत तर्री-पोहे खा, टाकी तिथंच भरून घ्या. मोह फुलला होता. मैलभर तो गोड, आंबूस वास नाकातून जात नाही. खड्डा आला की सायली माझा खांदा धरायची. खड्डे कमी होते, त्यातला एकही मी चुकवला नाही.

वैनगंगेच्या पुलावर थांबलो तेव्हा तिनं प्रमाणपत्राचा नियम समजावला. यंत्रानं हवा खेळवायची नसेल तर खोलीच्या आकाराच्या मानानं खिडक्यांची उघडणारी जागा पुरेशी पाहिजे. काच किती मोठी आहे ते मोजायचं नाही, उघडतं किती ते मोजायचं. बसणाऱ्याला खिडकी स्वतःच्या हातानं उघडता आली पाहिजे, आणि खिडकीपासून फार लांब कुणी नको. मला हा नियम आवडला. कॉलेजात ढीगभर नियम शिकलो, पण माणसासाठी केलेला वाटला असा हा पहिलाच.

साइट म्हणजे बांबूकामाचं प्रशिक्षण केंद्र. मातीच्या विटा, खाली उतरलेलं छप्पर, दोन्ही अंगांना पाच-पाच मोठ्या खिडक्या. बाहेरून बघत राहावं असं. आत पाऊल टाकलं आणि पॉलिशच्या वासानं डोळे चुरचुरले. पंचवीसेक बाया टोपल्या, सुपं, दिव्यांच्या शेड करत बसलेल्या, निम्म्या पदर नाकाला लावून. खिडक्या सगळ्या बंद. एक ढकलून पाहिली, हलेना.

बायांच्या गटाची प्रमुख सुमनबाई. तिनं सांगितलं ते असं. उद्घाटन थंडीत होतं. भाग मलेरियाचा, म्हणून ठेकेदारानं आदल्या दिवशी घाईत बाहेरून जाळ्या लावल्या, पट्ट्या ठोकून, खिळे मारून. झडपा उघडतात बाहेर, त्या जाळीलाच अडतात. थंडीमुळं त्या दिवशी त्या बंद होत्या, त्या तशाच बंद राहिल्या. आता हवेसाठी दार उघडं ठेवतात, आणि दाराला जाळी नाही.

"मच्छरबी दारातूनच येते," सुमनबाई म्हणाली. "रीतसर."

बाया हसल्या. सायली नाही हसली. ती मापं घेत होती. "नकाशात उघडतात," ती खालच्या आवाजात म्हणाली.

माझं डोकं सटकलं. गाडीच्या डिक्कीतून टायर काढायची पट्टी आणली आणि एका खिडकीची जाळी उपटून काढली. झडप उघडली. वारा आला, बांबूचा भुसा सगळा उडाला. मी कमरेवर हात ठेवून उभा.

"भाऊ, हवा तं चांगली आली," सुमनबाई म्हणाली, "पर दूरच्या पोरी रातच्याले इथीच झोपतेत. मच्छर मारत तुम्ही बससान का?"

कमरेवरचे हात खाली आले. मग सुमनबाई आणि मी खाली बसलो. तिनं बांबूच्या कामट्या सोलल्या, मी जाळी कापली, आणि आतून बसेल, हातानं निघेल अशी चौकट बांधली. अर्धी दुपार गेली. मध्ये भात आणि तळ्यातल्या मासळीचं कालवण मिळालं; पैसे देऊ केले तर बाया रागावल्या. खिडकी उघडू लागली, मच्छर बाहेर. सायली म्हणाली, "भारी केलं रे." मी उरलेल्या नऊ करायला रात्रभर थांबायला तयार होतो.

"थांब, आधी फोटो," ती म्हणाली.

फोटो झाला. टेप बॅगेत गेला.

"आणि बाकीच्या?"

"सगळ्या एकाच मापाच्या आहेत ना. एक उघडते म्हणजे उघडतात. जाळीचं कळवते मी."

"कळवसान ना मॅडम?" सुमनबाईनं विचारलं. सायली हो म्हणाली, हेल्मेटचा पट्टा लावता लावता.

येताना मी एकूण एक खड्डा चुकवला. आष्टीच्या खानावळीत नदीची मासळी झणझणीत मिळते, जरूर खा. मला त्या दिवशी चव लागली नाही. तिचं हे पहिलं स्वतंत्र काम होतं. फाइल परत आली तर पुढचं दुसऱ्याला जाणार होतं. "काऊन चिडून राहिला?" ती म्हणाली. "तू सोडून मोकळा होतोस. मला टिकायचं आहे." खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात बोलावलं. मापं घेताना हजर होतो, म्हणून माझी सही हवी होती. जाताना बाजारातून जाळीचा गुंडाळा घेतला आणि गाडीला बांधला. ऑफिसात एसी, खिडक्यांच्या काचा पक्क्या बसवलेल्या. कागदावर दहा खिडक्या, दहांच्याही पुढे 'उघडते'. सोबत फोटो एकच, आमच्या कामट्यांच्या चौकटीचा.

मी म्हटलं, जाळी खाली गाडीवर आहे, दोन दिवस दे, नऊही करून येतो. मग दहा वेळा सही करतो.

"दोन दिवस नाहीत रे." तिनं पेन माझ्या हातात दिलं. "माझ्यासाठी कर ना."

कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी हे शब्द ऐकायला थांबलो होतो. ती दुसऱ्या कशासाठीही म्हणू शकली असती. म्हणाली ती यासाठी.

पेन टेबलावर ठेवलं. तिनं कागद तेवढा सरळ केला. मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.