तिसऱ्या मजल्यावरचा सज्जन

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं पाचच. त्यातलं एक आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. नवरा-बायको दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. तो कुणाचं सामान वर नेऊन दे, कुणाच्या आजारपणात धाव, असा. मलाही तो माणूस आवडायचा, हे आठवलं की आज किळस येते.

त्या वर्षी तिला प्रमोशन मिळालं, त्याचं राहिलं. वरून भांडी आपटल्याचे आवाज येऊ लागले, मग नुसतेच धपके. त्याची आई तेव्हा नागपूरहून आली होती. एका दुपारी माझ्याकडे चहा पिताना म्हणाली, "ह्याचे वडीलही हात उचलायचे. मी कधी ब्र काढला नाही, म्हणून संसार झाला. आजकालच्या मुलींना पगाराचा माज." मी मान डोलावली आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

पुढच्याच रविवारी सकाळी त्याची बायको दारात उभी. ओठ फुटलेला, पायात चप्पल नाही. "ताई, थोडा वेळ बसू?"

मी पाणी आणायला आत गेले, तर माझे यजमान मागून आले. "नवराबायकोचं आहे. आपण मध्ये पडायचं नाही. बिल्कुल नाही."

दहा मिनिटांत तो आला. आंघोळ केलेला, भांग पाडलेला, हात जोडून हसणारा. "वहिनी, जरा चिडलीय ती. पाठवा हो वर."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "जा गं. शांतपणे बोला दोघं."

त्या दिवशी त्याने तिचं मनगट मोडलं.

हॉस्पिटलमधून ती परत आलीच नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे गेली. महिन्याभराने तिचा फोन आला. "ताई, त्या सकाळी मी कशी आले होते, तेवढं पोलिसांना सांगाल?" मी ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं. तिला मीच परत पाठवलं, तेही. लिहून घेणाऱ्या हवालदाराने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मला स्वतःचीच शिसारी आली. यजमान आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात शेजारणी म्हणाल्या, "इतका सज्जन माणूस, तुम्ही कशाला उगाच?"

काही वर्षांनी तिला घटस्फोट मिळाला. सरकारी क्वार्टरमध्ये एकटी राहते, बरी आहे.

त्याला सोसायटीने सेक्रेटरी निवडलं. आमच्या घरातलंही एक मत त्याला पडलं.